फकरूभाऊंची पत्र्याची पेटी

कुरवंड्यात आमच्या वस्तीवर कुणाच्याही घरात जा, विजेची वस्तू उघडी दिसणार नाही. मीटर पेटीत, मोटारीचा स्टार्टर पेटीत, फ्रीजचा स्टॅबिलायझर पेटीत. शेजारच्या नंदाबाईंकडे तर मिक्सरचं बटणसुद्धा पेटीत आहे. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, कडा आत वळवून, वर उतरतं झाकण लावून केलेल्या या पेट्या सगळ्या फकरूभाऊंच्या हातच्या. कुणी मागितल्या नव्हत्या. भाऊ यायचे, भिंतीकडे बघायचे, "ह्ये असं उघडं ठिवलंय व्हय?" म्हणून कपाळाला हात लावायचे आणि दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन हजर.

फकरुद्दीन मुलाणी हे त्यांचं पूर्ण नाव. बत्तीस वर्षं त्यांनी लोणावळ्याच्या बंगल्यांची वायरिंग केली. आता सदुसष्ट वय, उजवा खांदा अधूनमधून संपावर जातो, पण खिशातला टेस्टर काही सुटला नाही. माझ्या भाचीच्या लग्नात मांडवाच्या प्रत्येक खांबाला टेस्टर लावत फिरत होते. नवरदेवाकडची मंडळी घाबरून एकमेकांकडे बघायला लागली. मीही तेव्हा हसले होते, पण मनापासून नाही.

कारण या पेट्यांची सुरुवात माझ्या घरातून झाली. माझा धाकटा दीर गेणू भाऊंच्या हाताखाली वायरिंग शिकत होता. श्रावणात एका बंगल्यात ओल धरलेल्या स्विचबोर्डाला त्याचा हात लागला. भाऊ तेव्हा जिन्याखाली मेन स्विचपाशी होते. वर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चाळीस दिवस ते कामाला गेले नाहीत, आणि मग एक दिवस पत्रा खांद्यावर घेऊन आमच्या दारात आले. सासूबाईंशी एक अक्षर न बोलता त्यांनी आमच्या घरातला एकेक बोर्ड पेटीत बंद केला. त्याला आता एकवीस वर्षं झाली. सासूबाई त्यांना चहा दिल्याशिवाय कधी सोडत नसत.

आमच्याकडचा पावसाळा बाहेरच्याला सांगून कळत नाही. ढग दारातून आत येतो आणि पलंगावर बसतो. पापड सादळतात, काड्यापेटी पेटत नाही, भिंतीला टेकलं की पाठ ओली. अशा घरात ऑगस्टच्या सुरुवातीला मुलाण्यांनी वायफाय घेतलं. वस्तीवरचं पहिलंच.

ते हौसेनं घेतलेलं नव्हतं. भाऊंचा मुलगा उमर उर्से टोलनाक्यावर कामाला. रोजच्या जाण्यायेण्याला तो वैतागला होता. त्याची बायको शहिस्ता तळेगावची, बी.कॉम. झालेली. तिला नोकरी करायची होती आणि कुरवंड्यात ती मिळणार कुठून? दोघांनी तळेगावात खोली बघून किल्लीसुद्धा आणून ठेवली होती. चार वर्षांच्या जियासकट बिऱ्हाड हलणार, असं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात शहिस्ताला घरबसल्या कामाची एक संधी आली. दवाखान्यांची कागदपत्रं संगणकावर तपासायची. कंपनीची अट एकच: घरात पक्कं नेट पाहिजे. त्यासाठी सोमवारी दहा ते बारा चाचणी. कॅमेऱ्यासमोर बसून सलग काम करायचं. लाइन एकदा तुटली तर दहा मिनिटांत परत यायचं. दुसऱ्यांदा तुटली की नाव बाद.

म्हणजे हिशोब सरळ होता. ती पास झाली तर जिया इथं, नापास झाली तर रविवारी टेम्पो. भाऊंची बायको खुर्शीदाभाभी मला म्हणाल्या होत्या, "सारिका, ह्यांनी आठ दिस धड जेवण केलं न्हाई. बोलत न्हाईत, पर रातच्याला उठून पोरीच्या अंगावरचं पांघरूण बघत्यात."

शुक्रवारी सत्यम नावाचा लाइनमन आला. खिडकीच्या चौकटीला भोक पाडून त्यानं काळी, बारीक वायर आत घेतली आणि जियाचा हात पोचू नये म्हणून राऊटर चांगला उंचावर, खिळ्याला टांगला. भाऊ खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसले. तांबं नाही, काचेच्या धाग्यातून उजेड येतो हे त्यांना पटलं. पण तिथून शहिस्ताच्या खोलीत वायरीशिवाय जातं ते काय, हे काही पटेना. "दिसत न्हाई त्याची राखण कशी करायची?" त्यांनी सत्यमला विचारलं. सत्यम हसला आणि निघून गेला. भाऊ शनिवार-रविवार त्या उघड्या राऊटरकडे आणि त्याच्यामागच्या ओल्या भिंतीकडे बघत होते.

सोमवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले ते जियाला सांभाळायला. अंगणवाडीला सुट्टी होती आणि पोरीनं मधे आरडाओरडा केला असता तर पंचाईत. मी आत शिरले तेव्हा साडेनऊ झाले होते. शहिस्ता आतल्या खोलीत केस विंचरत होती. भाऊ स्टुलावर चढून शेवटचा स्क्रू पिळत होते. नवी कोरी पेटी, हवेसाठी खाली बारीक भोकं, समोर दार, दाराला कडी. आत राऊटर, आणि त्याच्याशेजारी कुठल्याशा बंगल्याच्या जुन्या धोक्याच्या घंटीतून काढलेली छोटी बॅटरी.

"लाइट गेली तरी ह्ये चालू ऱ्हाईल," भाऊ म्हणाले. "आन् ओल लागायची न्हाई. वायर येक वीतच ठिवली. लांब वायर लोंबती, मंग कुणाचा तरी हात लागतो."

"झकास केलंत भाऊ," मी म्हणाले. हे मी म्हणाले, आणि ते लिहायला मला आजही लाज वाटते. मी अंगणवाडी सेविका. माहिती भरायच्या ॲपसाठी फोन हातात धरून चार वर्षं पठार चढते. गावातल्या अंगणवाडीत लोखंडी कपाटात ठेवलेला माझा फोन कधी वाजत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. तरी त्या पेटीकडे बघून मला फक्त गेणू आठवला.

दहा वाजता आतल्या खोलीचं दार लागलं. आतून शहिस्ताचा आवाज आला, "गुड मॉर्निंग सर." जियाला मी चिंचोके मांडून दिले. खुर्शीदाभाभींनी कुकरची शिट्टी काढून ठेवली होती. उमर रजा टाकून घरी थांबला होता, पण उभाच होता.

दहा वाजून अकरा मिनिटांनी दार उघडलं. शहिस्ताचा चेहरा पांढरा पडला होता.

"गेलं," ती म्हणाली. "मघापासून तुटक येत होतं. आता गेलंच. दहा मिनिटं आहेत फक्त."

उमरनं चपलाही घातल्या नाहीत. "माकडांनी वायर तोडली असंल," म्हणत तो खांबाच्या दिशेनं धावला. आमच्याकडे माकडं सगळं तोडतात, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. मी फोन घेऊन नंदाबाईंच्या बांधाकडे पळाले. वस्ती खोलगट भागात आहे, रेंज फक्त त्या बांधावर मिळते, तीसुद्धा एक रेघ. ढग इतका दाट की मागं वळून बघितलं तर घर दिसेना. सत्यमचा फोन दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

"ताई, राऊटरवरचे दिवे कोणते आहेत? लाल आहे का?"

मी घराकडे तोंड करून ओरडले, "भाभी, लाल दिवा हाय का बघा!"

ढगातून भाभी आत भाऊंना विचारताना ऐकू आल्या, आणि मग, "न्हाई! भोकांतनं समदे हिरवे दिसत्यात!"

"मग लाइन चालू आहे," सत्यम म्हणाला. "वायर तुटलेली नाही. राऊटर मी लावला तिथंच आहे ना?"

"तिथंच. फक्त पेटीत घातलाय."

"कसल्या पेटीत?"

"पत्र्याच्या."

"ताई, पळा. बाहेर काढा त्याला. पत्र्यातून ते बाहेर येत नाही. आणि काढताना बंद पडू देऊ नका, परत सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेईल."

मी अशी पळाले की पदर कुंपणाला अडकून फाटला. दारात उमर आणि मी एकदमच पोचलो. त्याचे पाय चिखलानं भरले होते. मी धापा टाकत सांगितलं. तो पेटीकडे बघतच राहिला आणि मग भडकला.

"अब्बा, तुमाला ते पैल्या दिवसापास्नं डोळ्यात खुपत हुतं! घातलं पेटीत! तिची नोकरी पन घाला आता पेटीत!"

सहा मिनिटं गेली होती. ते स्टुलावर चढले, कडी काढली, दोन्ही हातांनी राऊटर खिळ्यावरून सोडवला आणि दाराबाहेर ओढला. बॅटरीची वायर ताणली गेली. एक वीतच ठेवली होती ना. काचेची वायरही आत गुंडाळून बांधलेली. राऊटर पेटीच्या दारातून जेमतेम वीतभर बाहेर आला आणि तिथंच अडकला.

आतून शहिस्ता ओरडली, "आलं! आलं अब्बा!" आणि दार लागलं. दहा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

आता राऊटर ठेवायचा कुठं? वायर वाढवायची तर आधी तोडावी लागणार. स्टूल, टेबल, फळी, सगळं खाली. भिंतीला लावायचा तर भिंत ओली, पेटीवर ठेवायचा तर झाकण उतरतं. उमर पुढं झाला, "द्या, मी धरतो." भाऊंनी मान हलवली. "हात बदलताना वायर निसटली तर? ऱ्हाऊ दे." आणि ते तसेच उभे राहिले. दोन्ही हात डोक्याच्या वर, हातात तो पांढरा डबा, आणि बोटं कशी, तर कुठल्याही वायरीला न लागणारी.

पुढचे पावणेदोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. भाऊंचा उजवा हात आधी थरथरला, मग डावा. खुर्शीदाभाभी स्टूल धरून खाली बसल्या होत्या, नवऱ्याचा पाय दोन्ही हातांनी धरून. उमर भिंतीला टेकून खाली बघत होता. मी एकदा हळूच म्हणाले, "भाऊ, चूक माझीपन हाय. मीच झकास म्हनले." ते वरूनच कुजबुजले, "पोरीला गप ठिव." जिया तर एव्हाना माझ्या मांडीवर झोपली होती.

मग सव्वाअकराला लाइट गेली. पंखा थांबला. खोलीत अंधारून आलं, ढगातलाच तो उजेड उरला. उमर ताडकन उभा राहिला. मी डोळे मिटून घेतले. शहिस्ताचा लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालेल, पण हा? दार उघडण्याची आम्ही वाट बघत होतो. दार उघडलं नाही. आतून शहिस्ता कुणाला तरी शांतपणे सांगत होती, "हो सर, तिसरं पान तपासते आहे."

मी डोळे उघडले. भाऊंच्या हातात हिरवे दिवे लागलेले होते. त्यांच्या दाढीवर त्या दिव्यांचा थोडा उजेड पडला होता.

उमर ते बघत राहिला. पेटीच्या आत ती छोटी बॅटरी, तिच्यापासून निघालेली ती एक वीत वायर, आणि तिच्या टोकाला बापाचे हात. त्यानं तोंड फिरवलं. मला त्याचा राग आला होता, तो तेव्हा गेला.

बाराला पाच कमी असताना भाऊंचे डोळे मिटायला लागले. भाभी खालून त्यांना काहीतरी ऐकवत होत्या, गेल्या ईदच्या शिरखुर्म्यात साखर कशी कमी पडली होती, असलं काहीतरी. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. घड्याळात बारा वाजले. बारा वाजून चार मिनिटं झाली. शहिस्ता बाहेर येईना. आता मीच ओरडणार होते.

मग दार उघडलं. ती चौकटीत आली आणि सासऱ्याला पाहून तिथंच थबकली. ते असे उभे असतील हे तिला माहीतच नव्हतं.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं. आवाज घोगरा होता.

"झालं, अब्बा. पुढच्या सोमवारपासून काम सुरू करा म्हणाले. इथूनच."

"मंग बंद करू ह्ये?"

"करा ना अब्बा. करा."

पण हात खाली येईनात. भाऊंनी खाली आणायचा प्रयत्न केला, खांदा हललाच नाही, आणि बोटं राऊटरला आवळलेली तशीच राहिली. उमर स्टुलाशेजारी खुर्ची ओढून वर चढला. एका हातानं राऊटर पेलून दुसऱ्या हातानं त्यानं बापाचं एकेक बोट सोडवलं. आधी करंगळी, मग पुढची. दोघांची तोंडं एवढी जवळ होती, तरी कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"चुकलो, अब्बा," उमर म्हणाला.

"व्हय," भाऊ म्हणाले. "मीबी चुकलो. आदी ती वायर वाढव. पाच वीत घे."

ते खाली उतरले, पलंगावर बसले, आणि हात मांडीवर घेऊन जियाकडे बघत रडले. मी त्यांना गेणू गेला तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं.

आता राऊटर पेटीबाहेर, कोरड्या सागवानी फळीवर असतो. आत फक्त बॅटरी आहे. पावसाळ्यात भाऊ रोज सकाळी स्टुलावर चढून सुती फडक्यानं तो पुसतात. तळेगावच्या खोलीची किल्ली उमरनं त्याच आठवड्यात परत नेऊन दिली.