जावईबापूंच्या जिल्ह्यात बंदी होती

माझा नवरा दारूने गेला. आमच्या घरात असं सरळ कुणी म्हणत नसे. ‘लिव्हरचा त्रास होता’ म्हणत, जसं काही लिव्हर आपण होऊनच बिघडलं होतं. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात तो फिटर होता. तिथून घरी येण्याच्या वाटेवर सारायीची, म्हणजे पाकिटातून मिळणाऱ्या गावठी दारूची, दुकानं होती आणि शेवटच्या वळणावर ब्रँडी शॉप. पाकिटाचा कोपरा दाताने फोडायचा, उभ्या उभ्या ते रिकामं करायचं आणि चालू लागायचं. सगळ्या दुकानांना सरकारचा परवाना होता, भिंतीवर तो फ्रेम करून लावलेला असे. नवरा गेला आणि मी म्हैसूरमध्येच, अण्णा-आईंकडे माहेरी राहायला आले.

अण्णांनी त्या मरणातून एकच धडा घेतला. दोष माणसाचा नव्हे, दुकानाचा. रोज सकाळी पेपर उघडून ते कुठल्या राज्यात काय चाललंय ते मोठ्याने वाचत. गुजरातेत पहिल्यापासून बंदी. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. आंध्रात बंदी आली, हरियाणात आली. “आणि आपल्याकडे सरकारच विकतंय,” असं म्हणून ते पेपर आपटत. धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघायची वेळ आली तेव्हा याच नकाशावर शोध सुरू झाला. हैदराबादचं एक चांगलं स्थळ त्यांनी नाकारलं, कारण तिथली बंदी नवी होती, उद्या उठली तर काय! ती पुढे खरंच उठली तेव्हा अण्णा आठवडाभर खुशीत होते. गुजरातेत आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. मग कुणीतरी वर्ध्याचं स्थळ सुचवलं. गांधीजींचा आश्रम तिथला, म्हणून अख्ख्या जिल्ह्यात कित्येक वर्षं दारूबंदी. मुलगा काय करतो, घरी कोण कोण आहे, हे अण्णांनी नंतर विचारलं.

“जिल्ह्यात दुकान नाही म्हणून काय माणसाला तहान लागत नाही?” मी म्हणाले होते.

“सुम्ने इरु!” अण्णा ओरडले. गप्प बस म्हणायचं असलं की ते कन्नडवर येत. “तुझं झालं ते झालं. तिचं तरी नीट होऊ दे.”

लग्न झालं. मुलगा सरकारी नोकरीत, बोलायला गोड. आई तर देवळात भेटेल तिला सांगायची, आमच्या जावयाच्या जिल्ह्यात औषधालासुद्धा थेंब मिळायचा नाही.

दुसऱ्या वर्षी अधिक महिना आला. त्या महिन्यात जावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं असतं. बहीण आणि जावईबापू आठ दिवसांसाठी आले. आमच्या घरात जावयाचा मान म्हणजे एक प्रकारची कैदच असते. त्याला क्षणभर एकटं सोडायचं नाही. अण्णा त्यांना केस कापायला घेऊन गेले आणि शेजारच्या खुर्चीत बसून राहिले. टेकडीवर देवीच्या दर्शनाला नेलं, प्राणिसंग्रहालयात नेलं. पान खाऊन येतो म्हणून जावईबापू पायात चप्पल घालत, तर अण्णा आधीच छत्री घेऊन दारात उभे. रात्री झोपायचे तेही बाहेरच्या खोलीत त्यांच्याच शेजारी. माहेरीही एक ब्रँडी शॉप आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होतं. खिडकीतून त्याची पाटी दिसे. जावईबापू पुन्हा पुन्हा त्या खिडकीशी जाऊन उभे राहत.

“बघ, कसे बघतायत,” आई स्वयंपाकघरातून कौतुकाने कुजबुजली. “बिचाऱ्यांनी कधी असलं दुकान पाहिलं नसेल.”

मी त्यांचा चहा बघत होते. कप उचलायचा सोडून ते वाकून तोंड कपाशी नेत होते. सगळ्यांची नजर दुसरीकडे असली तरच ते दोन्ही हातांनी कप धरत. माझा नवरा सकाळी असाच चहा प्यायचा. हे पितात, असं आईला मी तेव्हाच सांगितलं. ती कढईतला अनारसा तसाच सोडून माझ्याकडे वळली. “अय्यो, तुझ्या डोळ्याला सगळीकडे तेच दिसतं. त्यांना तुझी दृष्ट लावू नको हं.”

दृष्ट! मला इतका राग आला, की पाटावरून उठून मी मागच्या दारी जाऊन बसले. बहीण कपडे वाळत घालत होती. मी काही विचारायच्या आत रिकामी बादली घेऊन ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी आईच्या हट्टाखातर सगळे टी. नरसीपूरला गेलो. अधिक महिन्यातलं संगमावरचं स्नान. जावईबापूंनी बुडी मारली आणि बाहेर आल्यावर जे थरथरायला लागले ते उन्हात बसले तरी थांबेनात. अंगाला घाम आणि दातांवर दात. पाणी बाधलं, असं सगळ्यांचं एकमत झालं. आईने येताना वाटेत आलं-मिरी घेतली. घरी आल्यावर संध्याकाळी वाणाची तयारी झाली. चांदीच्या ताटात अनारसे आणि मध्ये तुपाचा दिवा. जावईबापूंनी हात पुढे केले, ताट घेतलं आणि ते ताट इतकं हलायला लागलं, की अनारसे एकेक करून जमिनीवर पडले. ते भिंतीकडे बघून म्हणाले, “या मुंग्या कुठून आल्या एवढ्या?” भिंत कोरी होती. मग त्यांचे डोळे फिरले आणि ते पाटावरून मागे कोसळले. हातपाय ताठ, तोंडाला फेस.

बोळाच्या तोंडाशी डॉक्टरांचा दवाखाना होता. शेजारच्यांनी उचलून नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, ताप बघितला, आधी कधी फिट आली होती का विचारलं. मग अण्णांना म्हणाले, “कुडीतारा?” पितात का?

अण्णा चक्क हसले. अशा वेळी हसले! “छे छे, सार. हे वर्ध्याचे. तिथं कायद्यानं बंदी आहे.”

“अण्णा, पितात,” मी म्हणाले.

“तोंड सांभाळ!”

“सार, माझा नवरा असाच मुंग्या बघायचा,” मी डॉक्टरांना कन्नडमध्ये म्हणाले. “तेव्हा इस्पितळात सांगितलं होतं, रोजची दारू एकदम तुटली की असं होतं, माणूस जाऊसुद्धा शकतो.”

डॉक्टर माझ्याकडे आणि अण्णांकडे आळीपाळीने बघायला लागले. “नक्की सांगा,” ते म्हणाले. “मेंदूचा ताप धरून चाललो तर औषध वेगळं. वेळ घालवू नका.”

बहीण दाराशी पदर तोंडात धरून उभी होती. मी तिचा दंड धरला. “सांग. तुला कुंकू राखायचंय की अण्णांचा शब्द?”

ती अण्णांकडे बघेना. “रोज,” ती म्हणाली. “लग्नाच्या आधीपासून. येताना टॉवेलात गुंडाळून बाटली आणली होती. दुसऱ्याच दिवशी संपली. मग इथं बाहेर पडताच आलं नाही त्यांना.”

डॉक्टर पुढचं ऐकायला थांबले नाहीत. इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली, रिक्षा बोलावून मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे दोन दिवस त्यांना खाटेला बांधून ठेवावं लागलं. ते मुंग्या झाडत होते, स्वतःच्या आईला हाका मारत होते, बहिणीला ओळखत नव्हते. वाचतील की नाही हे कुणी सांगेना. अण्णा व्हरांड्यातल्या बाकावर बसून एकच वाक्य म्हणत होते, “पण तिथं तर बंदी आहे.” मला त्यांचा राग होता आणि त्यांच्याकडे बघून रडूही येत होतं.

शेवटी बहिणीनेच त्यांना समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं. “अण्णा, इथल्या दुकानाला शटर आहे. रात्री ते खाली येतं, दोन ऑक्टोबरला, निवडणुकीला ते बंद असतं. तिथं शटरच नाही. पोरगा सायकलवरून आणून देतो. पहाटे म्हणा, दुपारी म्हणा. महिन्यातून कधी धरपकड झाली की दोन दिवस येत नाही, तेव्हा त्यांचे हात असेच कापतात. मग मीच शेजारच्या गल्लीत जाऊन आणते.”

“तू आणतेस?” आई म्हणाली.

“मग काय करू?”

तिसऱ्या दिवशी जावईबापूंनी बहिणीला नावाने हाक मारली. जीव वाचला होता. घरी आले तेव्हा गालफडं बसलेली, मान खाली. अण्णांनी खिडकीला पडदा लावला. मग जावईबापूंना कुठे ठेवायचं यावर घरात बोलणं सुरू झालं. इथे ठेवावं तर कोपऱ्यावर दुकान. तिकडे पाठवावं तर दारात सायकल. आई म्हणाली, गुजरातेत बदली होत नाही का? अण्णा तर पेपरसुद्धा उघडत नव्हते. जावईबापूंनी आता सोडली म्हणून शपथ घेतली, आईच्या पायावर हात ठेवून. तसली शपथ मी माझ्या घरात अनेकदा ऐकली होती. त्यांना ती मनापासून घ्यायची होती हेही मला दिसत होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

संध्याकाळी मी पुढच्या ओसरीत मशीनवर बसले होते. नवरा गेल्यापासून बायकांचे ब्लाउज शिवूनच मी पोट भरत आलेय. बहीण येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसली. बराच वेळ ती खाली पडलेल्या चिंध्या गोळा करत राहिली.

“अक्का, भावजींना पहिल्यांदा असा झटका आला, त्यानंतर ते किती वर्षं होते?”

मी पाय थांबवला. खोटं सांगावं असं फार वाटलं. तिचं वय तरी काय होतं!

“तीन,” मी म्हणाले. “पण तुझे वेगळे असतील. शपथ घेतलीय ना त्यांनी.”

तिने मान हलवली. आत जावईबापू खोकले, ती ऐकत राहिली. मग चिंध्या बाजूला सारून माझ्या शिवणाकडे बघत म्हणाली, “आमचं तिकीट परवाचं आहे. तेवढ्यात मला ब्लाउज बेतायला शिकवशील?”

मी जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं आणि कात्री तिच्या हातात दिली.