एका बादलीचं पुण्य

हातात काहीही आलं की मॅडम ते आधी उलटं करून बघायच्या. चहा संपला की ग्लास, डबा दिला की डबा. मग विचारायच्या, "हे याच्या आधी काय होतं?" एकदा आमच्यातल्या कमलताई वैतागून म्हणाल्या, "मॅडम, मी याच्या आधी पण कमलच होते." मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा फुटक्या बादल्यांच्या ढिगात पडला आणि आम्ही सगळ्या तो शोधत बसलो.

आमची शेड अंबरनाथजवळ मोरिवलीत होती. मी पलीकडच्या कॅम्प पाच वस्तीतून यायचे. मोडक्या बादल्या, मग, खुर्च्या निवडायच्या, हौदात धुवायच्या, की मशीन त्यांचा चुरा करून वितळवायचं आणि दाणा काढायचं. त्या दाण्याच्या परत बादल्या. तुमच्या मोरीतली बादली काळी किंवा गडद हिरवी असेल, तर ती आमच्यासारख्या कुणाच्या तरी हातून गेलेली असणार.

त्या वर्षी माल उचलला जात नव्हता. शेठ रोज म्हणायचे, "बंद करता हूँ, गोडाऊन भाडे पे देता हूँ." तेवढ्यात एक बादलीची कंपनी दाणा घ्यायला तयार झाली, पण अट घालून. नव्या प्लास्टिकपेक्षा या दाण्याने हवापाण्याचं नुकसान कमी होतं का, ते कुणीतरी तपासून लिहून द्यायचं. ते तपासायला मॅडम आल्या. आम्हा सहा बायकांचं काम त्यांच्या कागदावर अडकलं होतं.

मी चौथी शिकलेली, आणि चारचौघांत माझ्या तोंडून शब्द लवकर निघत नाही. लोक तोवर पुढे निघून जातात. मॅडम थांबायच्या. मी बोलेपर्यंत हातातला मग फिरवत उभ्या राहायच्या, जणू त्यांना दुसरं कामच नाही.

धुण्याचं घाण पाणी मोजायचा दिवस ठरला तेव्हा कमलताई म्हणाल्या, "पाहुण्यांसमोर असला घाणेरडा माल काढायचा होय?" म्हणून आम्ही आदल्या दिवशीच सगळा माल घासून धुऊन वाळत टाकला. दुसऱ्या दिवशी मॅडम हौदाशी वाकल्या. पाणी नितळ. एक मग उचलून त्यांनी वास घेतला.

"ताई, यांची आंघोळ झालेली दिसते."

"कालच घातली," कमलताई अभिमानाने म्हणाल्या.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "मग ते कालचं पाणी मी कुठे धरू?"

शेठ हळूच म्हणाले, "मॅडम, कल का पानी कल गया. आज का लिखो ना."

"शेठजी, कलवाला भी आपका ही था."

त्या परत गेल्या आणि पुढच्या आठवड्यात न सांगता उगवल्या. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून दिवसभर आमच्याबरोबर हौदात उभ्या राहिल्या आणि काळं पाणी मोजलं.

मग कंपनीचे साहेब आले. म्हणाले, "आमची बादली वितळते म्हणून तर दाणा होतो. तो फायदा आमच्या नावावर धरा."

शेठ उसळले. "पिघलाता मैं हूँ, साईं. बिजली मेरी, पानी मेरा, तो नेकी भी मेरी."

मॅडम म्हणाल्या, "पुण्य एकच आहे. दोघांनी पूर्ण घेतलं तर कागदावर दोन बादल्या वाचतात आणि जगात एकच."

साहेबांनी विचारलं, मग आम्हाला काय मिळालं? मॅडमनी सांगितलं, "तुम्ही दाणा वापराल, तेवढं नवं प्लास्टिक कमी लागेल. ते तुमचं. तुमची बादली उद्या कुणी वितळवून वापरली, तर ते त्याचं." साहेब चहा न घेता गेले. शेठचा चेहरा उतरला, आमचे त्याहून जास्त.

त्या दुपारी मॅडम माझ्याशेजारी बसल्या. त्यांनी मला गोधडीवरून समजावलं. साडी विणायला लागलेला कापूस, रंग हे पहिल्या नेसणारीच्या नावावर. गोधडीच्या नावावर फक्त दोरा, सुई आणि शिवायची मेहनत.

मला विचारायचं होतं. त्या थांबल्या.

"मग जिने साडी जपून ठेवली, तिला काहीच नाही?"

"यावरच तर मोठमोठे लोक भांडतात, ताई. काही जण निम्मं-निम्मं करतात. मी एक रीत धरली. आता शेठ आणि साहेब, दोघांच्या हिशोबात तीच ठेवायची, नाहीतर मी खोटी."

"आणि साहेब रुसले तर?"

"तर रुसतील," त्या म्हणाल्या. आणि माझ्याबरोबर चुऱ्यात टाकायच्या मगांचे कान मोडू लागल्या. त्यांनाही भीती वाटत होती, हे मला त्यांच्या हातावरून कळलं. चांगले मगसुद्धा मोडत होत्या.

कागद तयार झाल्यावर त्यांनी तो शेठच्या केबिनमध्ये नाही, हौदाशी उभं राहून वाचला. काळं पाणी धरूनसुद्धा आमचा दाणा नव्यापेक्षा कमी नुकसानीचा ठरला होता. शेठनी तिथूनच साहेबांना फोन लावला. आम्ही नळ बंद करून ऐकत होतो. साहेबांनी दाणा घेतला, पण बोलले होते त्याच्या निम्माच.

"पूरी नेकी लिखती तो पूरा ट्रक जाता," शेठ कुरकुरले.

"निम्मा तर जातोय," कमलताई म्हणाल्या, "आता गोडाऊनचं नाव काढू नका."

मोजायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे मॅडम त्यानंतर आल्या नाहीत. कागद वाचला त्या दिवशी आम्ही त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. अंबरनाथ स्टेशनची शेअर रिक्षा आली. मॅडम बसल्या तशी शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला. आमच्या हौदाचा वास जाता जात नाही. मॅडमनी आपल्या ओढणीचा वास घेतला, आमच्याकडे बघून हसल्या, आणि बाईला जागा व्हावी म्हणून अगदी कडेला सरकून, एक पाय बाहेर ठेवून बसल्या. वळणावर रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत त्यांची काळ्या पाण्याने डागाळलेली चप्पल दिसत होती.