साडेतीन रव्यांची झोप

गडमुडशिंगीचा आकाराम खोत झोपला, ही बातमी गावात कुणी कुणाला सांगत नसे. ती आपोआप पसरायची. पहिल्या दोन घोरण्यांत गोठ्यातली म्हैस कान टवकारायची, चौथ्या-पाचव्याला शेजारच्या धोंडुबाई खिडकी लावून घ्यायच्या, आणि एकदा सूर लागला की आळीतली कुत्रीसुद्धा आपला आवाज वाया घालवत नसत. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात दुपारचा तो ट्रकखाली गोणपाट टाकून आडवा झाला की हमाल म्हणायचे, "झाली बगा दुसरी गाडी चालू!"

आकारामला याचा राग यायचा नाही, उलट जरा अभिमानच वाटायचा. उमेदीत तालमीची माती अंगाला लावलेला गडी. मान अशी, की सदऱ्याचं वरचं बटण शिवल्या दिवसापासून काजात गेलेलं नव्हतं. एकदा हमालांनी त्याला गुळाच्या काट्यावर बसवला. गुळाची तीस किलोची ढेप म्हणजे एक रवा, असं धरून आकाराम साडेतीन रवे भरला आणि यार्डात टाळ्या पडल्या.

गुळाचे व्यापारी गणपतराव यांच्या ट्रकवर तो तेरा वर्षं ड्रायव्हर होता. कोल्हापुरात गूळ भरायचा, आंबा घाट उतरून रत्नागिरीला खाली करायचा, आणि येताना जांभ्या दगडाचे चिरे भरून आणायचे. सोबत गुंडू नावाचा किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर. वय पन्नाशीचं, आणि गाडीची चाकं फिरली की याचे डोळे मिटायचे.

पण त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात आकारामची झोप अंथरुणात मावेना. न्हाव्यापुढं बसला की अर्ध्या दाढीत मान खाली. लग्नात हातात अक्षता धरून उभ्या उभ्या डुलकी. सकाळी उठावं तर डोकं पाटा-वरवंटा ठेवल्यासारखं जड. गावानं एकमतानं निदान केलं: अशक्तपणा.

आता साडेतीन रव्यांच्या माणसाला अशक्तपणा आला, असं दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात कुणी म्हणालं असतं तर लोक पोट धरून हसले असते. कोल्हापुरात हसत नाहीत. इथं माणसाला काहीही झालं तरी ते खाण्यात कमी पडल्यामुळंच होतं. आकाराम पहाटे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जाऊन म्हशीच्या कासेखाली धरलेलं फेसाळ दूध तांब्यातांब्यानं रिचवू लागला. घरी बायको बनाबाई दिवसाआड बकऱ्याच्या पायांचा रस्सा घालू लागली. चार महिन्यांत तो पावणेचार रव्यांवर गेला आणि झोप दुप्पट झाली.

मग तो दिवस आला. घाटमाथ्यावरच्या आंबा गावात जेवण करून त्यानं घाटाला गाडी लावली, दुसरा गिअर टाकला, एवढं त्याला आठवत होतं. त्यानंतर एकदम नाकासमोर लाल एसटी आणि कानठळ्या बसवणारा हॉर्न. पाय आपोआप ब्रेकवर गेला. "मराय चाललाईस काय रं!" म्हणून एसटीवाला ओरडत निघून गेला. चाकाखालून निसटलेला एक दगड दरीत गेला, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पण आकारामला घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीनं. मधली दोन वळणं त्याच्याकडं नव्हतीच. गाडी ती वळली होती, त्याशिवाय इथवर आली नसती. मग वळवली कुणी?

"घाट उतरून साखरपा आलं व्हय?" शेजारी डोळे न उघडता गुंडूनं विचारलं.

ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही. ड्रायव्हरकीत शिवी चालते, तंबाखू चालते, पावशेर मारणाऱ्यालाही लोक सांभाळून घेतात. झोप चालत नाही. 'डुलकीवाला' असं एकदा नाव पडलं की माणसाला कुणी हातगाडीसुद्धा ढकलायला देत नाही. म्हणून आकाराम घाटात हिरव्या मिरच्या चावू लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरीही पापणी जड ती जडच.

शेवटी धुवायच्या सदऱ्याच्या खिशात मिरच्या सापडल्या, तेव्हा बनानं विचारलं आणि त्यानं सांगून टाकलं.

"घाटात डुलकी लागली बग," तो ओशाळून म्हणाला. "गाडी आनी जरा फुडं जाती तर मेलो असतो की गं!"

"तसं तुमी रोजच मरताय," बना म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

सात वर्षं ती त्याच्या पोटावर हात ठेवून झोपत होती. घोरणं चढत चढत जायचं आणि मध्येच तुटायचं. पोट हलायचं, पण नाकातोंडातून वारा म्हणून नाही. ती आकडे मोजायची. कधी बारा, कधी वीस, एकदा तर चाळीस. मग कोपर हाणायची, की विहिरीतून काढल्यासारखा तो मोठ्ठा श्वास घ्यायचा आणि कूस न बदलता पुन्हा सुरू.

"आनी हे मला आज सांगतीस?"

"नवऱ्याचा श्वास बंद पडतो, हे कुठल्या तोंडानं बोलू वो? बोलले आनी खरं झालं म्हंजे?"

त्या दिवसापासून आकाराम घाटाला भीत होता तेवढाच अंथरुणाला भिऊ लागला.

कोल्हापुरातले नाक-घशाचे डॉक्टर यज्ञेश्वर साधले यांनी त्याच्या घशात बॅटरी मारून विहिरीत डोकवावं तसं डोकावून पाहिलं. त्याचं ऐकलं, बनाचं तर दोनदा ऐकलं. मग म्हणाले, "आकाराम, झोपलात की तुमचा घसा मिटतो. श्वास अडतो, जीव घाबरा होऊन जाग येते, पुन्हा झोप, पुन्हा तेच. रात्रीतून शंभर वेळा. तुम्हाला वाटतं तुम्ही फार झोपता. तुम्ही कित्येक वर्षांत नीट झोपलेलेच नाहीत!"

उपाय त्यांनी सांगितले. तीस किलो वजन उतरवायचं. दारूचा थेंब नको. उताणं झोपायचं नाही, त्यासाठी बंडीच्या पाठीला चेंडू शिवायचा. आणि मी सांगेपर्यंत गाडी बंद.

"आनी वजन न्हाई उतारलं तर?"

डॉक्टरांनी स्वतःच्या गळ्याच्या खळगीवर बोट ठेवलं. "मग इथं भोक पाडून नळी बसवतात. मुंबईला."

आकारामचा हात नकळत आपल्या गळ्यावर गेला आणि घरी पोचेपर्यंत खाली आला नाही.

बनानं सुताराकडून लाकडी गोळा घासून आणला आणि बंडीत शिवला. पाठीवर वळला की आकाराम बोंबलत उठायचा. दूध बंद, रस्सा बंद. भाकरी आणि मेथी. पंधरा दिवसांत गाल उतरले, तसं गाव हळहळायला लागलं. धोंडुबाई मटणाचं झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. "बना, खरं सांग बाई, कावीळ हाय का आनी काय? गडी निम्मा झाला की!" आकाराम नाक दाबून मागच्या दारानं पळाला.

एवढं सगळं पाळलं. एक तेवढं पाळलं नाही. गाडी सोडली नाही. गाडी सोडायची तर कारण सांगायला हवं. त्यानं मालकाला कंबरदुखी सांगितली आणि घाट टाळून बिद्रीच्या साखर कारखान्याची सपाटीवरची खेप मागून घेतली. रस्त्याकडेच्या उसाला घासून गाडी जाई तेव्हाही तो दचकून स्टिअरिंग आवळायचा. दोन महिन्यांत अर्धा रवा उतरला. बनाचे आकडे वीसवरून दहावर आले. पण दहा म्हणजेही दहाच.

आणि एका सकाळी गणपतराव म्हणाले, "आक्या, बास झालं कमरंचं कौतिक. आज रत्नागिरी. मीबी येतोय."

मलकापूर गेलं, आंबा आलं. मालक कॅबिनमध्ये मांडी घालून शेंगा खात होते, गुंडू झोपला होता. घाटाच्या तोंडाशी आकारामची पापणी एकदा मिटली आणि उघडली. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"मालक, म्या घाट उतरत न्हाई."

"का? हडळ बसलीया व्हय वळणावर?"

त्यानं सगळं सांगितलं. गणपतराव शेंगा फोडत हसले. "आरं, घोरतोस हे अख्ख्या यार्डाला ठावं हाय की! त्यात काय एवढं?"

"मग बसा हितं आनी बगा," आकाराम म्हणाला. पाठीला गोळा नव्हता, पोटावर हात नव्हता. तो सीटवर उताणा झाला. मरणाची भीती वाटत होती, आणि तेवढ्या भीतीतही, काय सांगावं, मिनिटात डोळा लागला.

जाग आली तेव्हा मालक त्याच्या छातीवर गुडघा ठेवून दोन्ही गालांवर थपडा मारत होते. फेटा सुटला होता, ओठ पांढरे पडले होते. सीटभर शेंगा. बाहेरून गुंडूचा गळा ऐकू येत होता. तो चहाच्या टपरीकडं "आकाराम गेला वोऽ" म्हणत धावत सुटला होता.

"किती मोजलंसा?" आकारामनं विचारलं.

"मोजतोय कोण, मुडद्या! मी रामाचं नाव घ्यायला लागलो!" गणपतरावांनी गाडीची किल्ली उपसून घेतली. तेरा वर्षांत पहिल्यांदा. "कंबर म्हणालास मला. बिद्रीच्या रस्त्यावर शाळंची पोरं चालत असत्यात रं!"

हाच विचार आकाराम दोन महिने मिरचीसारखा चावत आला होता.

"डॉक्टर लिहून देत न्हाई तवर गाडीला हात लावायचा न्हाई. फुडचं फुडं बगू." मालकांचा आवाज खाली आला. "जा घरला. आनी एकला झोपू नगंस."

मलकापूरहून दुसरा ड्रायव्हर आला आणि ट्रक घाटात उतरून गेला. आकारामनं कोल्हापूरची एसटी धरली. गाडी निम्मी रिकामी होती. तरी तो वरची दांडी दोन्ही हातांनी पकडून उभा राहिला.

"पावणं, बसा की," कंडक्टर म्हणाला. "मोप जागा हाय."

"नगं. उभाच बरा हाय."

बांबवडे गेलं. पाय भरून आले. शेजारच्या बाकावरच्या म्हातारीनं सरकून त्याला जागा केली आणि हातानं बाक थोपटला. आकारामनं त्या बाकाकडं पाहिलं आणि दांडी आणखी घट्ट धरली.

"आजी," तो म्हणाला, "बसतो. पर मला बोलतं ठेवशीला काय कोल्हापूरपत्तोर?"