एका गाण्यात एक शर्ट

धाकटी अंगणात वाळत घातलेल्या चादरींच्या मागे उभी होती, म्हणून तिला ते भांडण ऐकू आलं. नाहीतर तिच्यादेखत बापलेक असं कधी बोललेच नसते.

लाँड्री घरातच होती. पुढच्या खोलीत दोन टेबलं, मोठ्यावर बाबा इस्त्री करायचे, छोट्यावर दादा. दोघांच्या मधल्या फळीवर रेडिओ. त्या दिवसांत नव्या तऱ्हेची गाणी निघाली होती. त्यांच्यात गाणारा यायच्या आधी ढोल येऊन बसलेला असायचा. दादा त्या गाण्यांवर जीव टाकायचा आणि ती लागली की बाबांचा जीव जायचा.

"हा गातोय का दात उपटून घेतोय?" बाबा म्हणाले.

"तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

"कळायला आहे काय त्यात? मेल्याचा एक सूर धड लागत नाही. आणि परवा ते आपलं जुनं लागलं होतं ना, तेसुद्धा यांनी असंच वाकडं वाजवलं. रेडिओत काही बिघाड आहे का ते बघ जरा."

दादा तेव्हा विशीतला. त्या वयात जीभ इस्त्रीपेक्षा लवकर तापते. तो म्हणाला, "रेडिओ ठणठणीत आहे आणि गाणंही सुरात आहे. बेसूर झालेत ते तुमचे कान."

आता एक सणसणीत ऐकू येणार म्हणून धाकटीने चादरीमागे डोळे मिटून घेतले. ऐकू आला तो नुसता इस्त्री टेकल्याचा आवाज. बाबांनी ती हळूच उभी करून ठेवली होती. त्यांनी ओल्या कपड्यांची बादली उचलली आणि अंगणात आले. तिच्याच शेजारी उभं राहून त्यांनी एक टॉवेल झटकला. पुन्हा झटकला. तिसऱ्यांदा झटकला तेव्हा त्यातून पाणी उडण्यासारखं काही उरलं नव्हतं. वर बघायची तिची हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून रेडिओ लागला की बाबा बादली घेऊन बाहेर. सगळे म्हणायचे, म्हाताऱ्याने राग धरलाय. राग असता तर बरं होतं, राग कधीतरी उतरतो. बाबा गेले तेव्हाही फळीवर रेडिओ होता आणि तो बंद होता.

पुढे धाकटीचं लग्न झालं, संसार झाला, नवरा गेला, आणि ती परत त्याच घरात येऊन बाबांच्या टेबलाशी उभी राहिली. दादाचं लग्न झालंच नाही. विचारलं तर म्हणायचा, "घरात एक बोलणारी आहे फळीवर. दुसरीला आणून दोघींची भांडणं कोण सोडवणार?" गल्लीने त्याचं नाव 'रेडिओ' ठेवलं होतं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. उलट कुणी नुसतं 'ओ दादा' म्हटलं तर तो मागे वळायचाच नाही.

त्याची कामाची एक पद्धत होती आणि ती दुसऱ्या कुठल्या इस्त्रीवाल्याकडे असेल असं वाटत नाही. एका गाण्यात एक शर्ट. मुखड्याला कॉलर. पहिल्या अंतऱ्याला पाठ, मधल्या वाजवण्यात बाह्या, दुसऱ्या अंतऱ्याला पुढचे दोन पाखे, आणि मुखडा परत आला की बटणपट्टी आणि घडी. सुरावट संपायला आणि शर्ट गठ्ठ्यावर पडायला एकच वेळ. गिऱ्हाइकं हे बघायला थांबायची. एकाने विचारलं होतं, "रेडिओ, साडीला काय करतोस?" तर म्हणाला, "साडीला बैठक लागते. तिला रात्रीचा कार्यक्रम."

अशा माणसाला गाण्यांचे जमाने कसे बदलले ते पेपरात वाचावं लागत नाही, हातालाच कळतं. त्याच्या लहानपणी गाण्याला तीन तीन अंतरे असायचे, तेव्हा शर्ट निवांत व्हायचा, खिशाच्या कडासुद्धा निघायच्या. मग दोन अंतरे राहिले. मग ढोलवाले आले, तेव्हा त्याने हात जलद केला आणि खूश राहिला, कारण ते त्याच्या वयाचं गाणं होतं. आपला तो बाब्या. त्यानंतर नुसत्या यंत्राची गाणी आली, मग एकच ओळ घोळवायची गाणी आली, आणि शेवटी मोबाइलवरची, जी सुरू झालीत म्हणेपर्यंत संपतात. "ह्यात शर्ट कसला होतो," तो धाकटीला म्हणायचा, "रुमाल होतो. तोही चार घड्यांचा नाही." म्हणून त्याने नवं ऐकणं सोडलं आणि जुन्या टेपरेकॉर्डरवर आपल्या कॅसेटी लावायला लागला. नवी गाणी त्याच्या कानामागून आली नि तिखट झाली. लोकांना वाटायचं म्हातारा खडूस झालाय. पण त्याचा राग कमी आणि हिरमोड जास्त होता. आपल्या ओळखीचा माणूस रस्त्यात भेटावा आणि त्याने आपल्याला ओळखूच नये, तसं.

त्या कॅसेटींत एक गाणं होतं, त्याला दोघं 'खिडकीचं गाणं' म्हणायची. एक बाई खिडकीशी बसून कुणाची वाट बघते, एवढंच त्यात. पण दुसऱ्या अंतऱ्यात एक उंच सूर आहे आणि त्याच्या आधी गाणारी श्वास घेते, तो ऐकू येतो. अगदी लहानसा. पाण्यात उतरण्यापूर्वी माणूस घेतो तसा. दादा म्हणायचा, "सूर काय, कुणीही लावेल. तो श्वास बघ. तिला भीती वाटतेय, जमेल की नाही." त्या जागेला त्याची इस्त्री कायम हवेत थांबायची. चांगल्यातला चांगला शर्टही तेवढा वेळ ताटकळायचा.

एके दिवशी ती जागा येऊन गेली आणि इस्त्री थांबली नाही.

"श्वास कापला यांनी," दादा म्हणाला.

"कुणी?"

"कॅसेट कंपनीवाल्यांनी. आताशा सगळं धुऊनपुसून देतात. खोकला नको, श्वास नको."

ही कॅसेट तर जुनीच होती. धाकटीने ती स्वतःच्या हाताने लावली होती आणि तिला श्वास ऐकू आला होता, जसा दर वेळी यायचा. ती तोंड उघडणार होती. मग तिला दोरीवरच्या चादरी आठवल्या आणि तिने समोरच्या उशीच्या अभ्र्यावर पाणी शिंपडलं.

त्यानंतर त्याला गाणं जड वाटायला लागलं. मग वाकडं. "टेपचा पट्टा सैल झालाय," त्याने निदान केलं. टेपरेकॉर्डरच्या पोटात एक बारीक रबरी पट्टा असतो. तो सैल पडला की गाणं रेंगाळतं, सूर खाली बसतात, हे खरंच आहे. त्यामुळे दादाच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. शनिवारी दुपारी त्याने टेप टॉवेलात गुंडाळला, काखोटीला मारला आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. दुरुस्तीवाला त्याच्या शाळेतला, जीभ तिखट, हात हलका. त्याने नवा पट्टा घातला, कापसाने हेड पुसलं, टेप परत दिला. पुढच्या शनिवारी दादा पुन्हा त्याच्या दारात. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

धाकटी कपडे पोचवायला त्या बाजूला गेली तेव्हा दुरुस्तीवाल्याने तिला हाक मारून आत बोलावलं.

"वहिनी नाही, ताई नाही, तुम्हाला काय म्हणू कळत नाही, पण ऐका. मशीन ठीक आहे. दोन मशीनवर लावून बघितलं. बिघडलंय ते गिऱ्हाईक."

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे?" तो चमकला. "मग त्याला सांगा ना. कानाच्या डॉक्टरकडे न्या."

"नेलं होतं. ऐकायला कमी येतं म्हणून नेलं. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावलं तर बोलणं कळेल. गाण्याचं काय विचारलं तर म्हणाले, सूर आतच वाकडा पोचतोय, त्याला इलाज नाही."

"हे त्याच्यासमोर?"

"तो चपला घालत होता. त्याला ऐकू गेलं नाही." ती थोडी हसली. त्या हसण्यात काही राम नव्हता. "तुम्ही पट्टा बदलत राहा."

"नवा पट्टा काढून नवा पट्टा घालू?"

"उघडा आणि झाका. तेवढं केलं तरी चालेल."

तिने केलं ते बरं की वाईट, हे तिचं तिलाच कधी ठरवता आलं नाही. तो पट्ट्याला दोष देत होता तोवर खिडकीचं गाणं कुठेतरी शाबूत होतं. मशीन दुरुस्त झालं की परत यायचं होतं. एकदा दोष कानावर आला की मग ते कुठूनच यायचं नव्हतं. म्हणून तिने तोंडाला कुलूप घातलं, आणि दर शनिवारी टॉवेल धुऊन ठेवू लागली.

हे आणखी किती चाललं असतं कोण जाणे. पण एक दिवस गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई साड्या न्यायला आल्या. टेप बंद होता. दादा आपल्याच नादात खिडकीचं गाणं गुणगुणत कॉलर दाबत होता. बाई दारातच थांबल्या, पूर्ण अंतरा ऐकला आणि म्हणाल्या, "काय हो दादा, ह्या वयात इतकं सुरात? माझ्या मुलींना येऊन ऐकवा एकदा."

बाई गमतीने बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. खोटं कौतुक तर त्यांनी आपल्या मुलींचंही केलं नसतं.

"सुरात?" दादाने विचारलं.

"अगदी. तो वरचा कसा स्वच्छ लागला."

दादाने बाईंकडे बघितलं, मग फळीकडे. आपलाच आवाज त्याला त्या टेपसारखाच वाकडा ऐकू आला होता, आणि आपल्या गळ्यात रबरी पट्टा नाही एवढं त्याला कळत होतं. त्याने इस्त्री उभी करून ठेवली. अगदी हळू. धाकटीने ते ठेवणं आधी एकदा ऐकलं होतं.

बाई साड्या घेऊन गेल्या. त्याने खिडकीचं गाणं लावलं, टेपला जवळजवळ कान चिकटवून उभा राहिला. दुसरा अंतरा आला, गेला.

"तुला श्वास ऐकू येतो?"

खोटं बोलायला एवढासा वेळ होता, तो तिने घालवला. "येतो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"मग बोलली का नाहीस, चिमणे?"

"तू बाबांना बोलला होतास तेव्हा मी अंगणात होते."

त्याने टेप बंद केला. ओरडला असता तर तिला सोसलं असतं. शेवटी म्हणाला, "म्हणजे त्यांना राग नव्हता आलेला."

"नाही."

"आणि मला वाटलं, जमाना बदलला म्हणून कुरकुर करतायत." मग एवढंच म्हणाला, "ते रेडिओ बघ म्हणाले होते ना गं मला. मी बघितलासुद्धा नाही."

बाबा असते तर दोघांनी एकमेकांसमोर बसून बेसूर ऐकलं असतं. आता दादाकडे तेवढंही नव्हतं. कानाचं यंत्र आणलं होतं ते त्याने एकदा लावलं. त्यातून बोलणं ठणठणीत ऐकू यायचं, आणि गाणं लावलं की डब्यात खडे. ते त्याने खोक्यात परत ठेवलं. बोलणं ऐकण्यासारखं कोण काय बोलतंय, म्हणाला.

काम चालू राहिलं. पण गाण्याशिवाय त्याच्या हाताला शर्ट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळेना. एकच पाठ पुन्हा पुन्हा दाबत राहायचा. एका वकिलाची कॉलर पिवळी पडली. वकील म्हणाले, "रेडिओ, लक्ष कुठे आहे?" तो मागे वळला नाही. धाकटीला वाटलं ऐकू गेलं नसेल. पण त्याला ऐकू गेलं होतं, फक्त ते नाव आता आपलं आहे असं त्याला वाटत नव्हतं.

तिने टेप लावणं बंद केलं तर त्याने स्वतः लावून दिला. "तुझे कान शाबूत आहेत, ते कशाला उपाशी ठेवतेस." आणि बादली उचलून अंगणात गेला. बादलीत कधी कपडे असायचे, कधी नसायचे.

पुढे एका सोमवारी सकाळी इस्त्री तापायची वाट बघत तो स्टुलावर बसला आणि उठलाच नाही. त्या आधीच्या शनिवारी मात्र त्याने दुपारी टॉवेल मागितला.

"आता कशाला?" तिने विचारलं.

"शनिवार आहे."

टेप गुंडाळला, काखोटीला मारला आणि गेला. तिथे काय झालं ते दुरुस्तीवाल्याने तिला नंतर सांगितलं. सांगताना त्याची तिखट जीभ अडखळत होती. दादा बाकावर बसला आणि म्हणाला, "ह्या वेळी खरंच बदल हं. उघडझाक नको. तुझी उघडझाक मला कळते, स्क्रूचा आवाज अजून येतो मला. घरी ऐकणारं माणूस आहे." दुरुस्तीवाल्याने खरोखरचा नवा पट्टा घातला, हेड पुसलं, खिडकीचं गाणं लावलं. दादा गाण्याकडे बघतच नव्हता, तो ह्याच्या तोंडाकडे बघत होता. दुसरा अंतरा आला तशी त्याने भुवई उंचावून विचारलं, आला का? दुरुस्तीवाल्याने मान हलवली, आला. दादा म्हणाला, "मग दे."

घरी येऊन त्याने टेप फळीवर ठेवला, वायर लावली, टॉवेल झटकून खुंटीला अडकवला.

"पट्टा बदललाय," तो म्हणाला. "बघ कसा वाजतो."

बटण दाबलं, आणि गाणारी यायच्या आत बादली घेऊन अंगणात गेला.