गवताचे जोडे

आज फ्रिज साफ करताना बर्फाची जाड खपली ओट्यावर पडली आणि मला आईचे पाय आठवले.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर आमच्या तिसगावच्या शाळेतल्या शिक्षकांची सहल काश्मीरला गेली. मी आईलाही नेलं. बर्फावर चालायला वाटाड्यानं सगळ्यांच्या पायांत गवताचे जोडे बांधले. मंडळी पुढे निघाली, पण आई दगडावर बसूनच राहिली.

"चल ना गं."

"हे पानीच हाय ना? मंग त्याच्यावर जोडे घालून कसं चालू?"

दुष्काळात तिनं दोन कोसांवरून हंडे वाहिले होते, हे मला माहीत होतं. तरी सगळे बघताहेत म्हणून मी तिच्यावर खेकसले. तिनं जोडे सोडले, बर्फाला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणी चार पावलं चालली. मग गाजरासारखे लाल झालेले पाय मुकाट्यानं वाटाड्यापुढे केले. त्यानं ते आपल्या लोकरी अंगरख्यात धरून ऊब दिली. मी मात्र दुसरीकडे बघत राहिले.

आज ती खपली सिंकमध्ये टाकवेना. गॅलरीत नेऊन कढीपत्त्याच्या मुळाशी ठेवली. माझी चप्पल मागे दारातच राहिली होती, हे नंतर लक्षात आलं.