विहिरीच्या अलीकडचं घर

धारवाल्या आत्याबाईंनी उभ्या जन्मात धारला एक रात्रही काढली नव्हती. जन्म देवासचा, लग्न देवासलाच, आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. यजमान गेल्यावर त्या धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, राहायला आल्या. तरी सारी गल्ली त्यांना धारवाल्या म्हणे, कारण त्यांचं दर दुसरं वाक्य 'आमच्या धारला' असं सुरू होई. भाजीवाल्यालाही सुटका नव्हती. "भिया, ये कैसी मेथी? आमच्या धारला म्हशी पण नाही खात असली." तो म्हणे, "तो बाई, धार ही चली जाओ ना!" मग दोघं हसत आणि आत्याबाई तीच मेथी घेऊन येत.

माझे पणजोबा, म्हणजे त्यांचे आजोबा, धारच्या दरबारात तंबू शिवायला होते. ते काम बंद झालं तेव्हा घर विकून सगळे देवासला आले. आत्याबाईंना त्या घराच्या दोनच खुणा ठाऊक होत्या, त्याही वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या: विहिरीला लागून घर, आणि ओट्यापाशी भिंतीत लोखंडी कडी.

आमच्यात लग्नाची पहिली अक्षत गणपतीला आणि दुसरी मूळ घराला देतात. घर विकलेलं असलं तरी उंबरठ्याला अक्षत जाते. माझ्या वडिलांच्या लग्नात आत्याबाई एकट्या धारला गेल्या, विहीर शोधली, कडी शोधली आणि त्या दारात कुंकू लावलेले तांदूळ ठेवून आल्या. घर एका किराणा दुकानदाराचं होतं. त्यांनी ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, निघताना खण दिला. पुढे आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात हे होत राहिलं. मीही दोनतीनदा बरोबर गेलो आहे. दुकानदारांना सगळे बाबूजी म्हणत. ते लांबूनच हाक मारत, "आवो भुआजी, बेठो!" माळव्यात माहेरी आलेल्या आत्याला भुआ म्हणतात. आत्याबाई त्या ओट्यावर पाय पसरून बसत. आमच्या घरी त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

माझी शाळा हिंदी. मराठी वाचायला मला आत्याबाईंनी शिकवलं, आरतीच्या जुन्या पुस्तकावरून. जोडाक्षर आलं की मी हळूच पुढच्या शब्दावर उडी मारत असे. त्यांचं पाठांतर पक्कं. लगेच म्हणत, "गाळलंस. अडलं तरी चालेल, गाळायचं नाही." बी.ए.च्या पहिल्या वर्षी नापास होऊन मी कॉलेज सोडायला निघालो, तेव्हाही त्या एवढंच म्हणाल्या, "अडलास. आता गाळू नकोस." आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. आज पीपलरावां या गावच्या शाळेत शिकवतो, ते त्या एका वाक्यावर.

पदवीचा कागद घरी आला त्या दिवशी त्यांनी तो देवापुढे ठेवला आणि मला कामाला लावलं. "शिकलास ना? आता आपल्या घराचाही कागद काढ. आजोबांचं नाव त्यात वाचून दाखव मला."

मी धारला चार खेपा घातल्या. शेवटी जुन्या विक्रीपत्राची नक्कल मिळाली. पणजोबांचं नाव होतं, धंदा होता, आणि खाली चतुःसीमा होती: घराच्या पश्चिमेला विहीर. मी तिथेच थांबलो. आत्याबाई अक्षत ठेवत त्या घराच्या ओट्यावर सकाळचं ऊन विहिरीच्या बाजूने येतं. त्या घराला विहीर पूर्वेला आहे. म्हणजे आमचं घर विहिरीच्या पलीकडचं.

तिकडे गेलो. तिथे आता मोटरसायकली दुरुस्त करण्याचं दुकान आहे. आत समोरासमोरच्या भिंतींत दोन जाड कड्या, त्यांत जुन्या ट्यूबा टांगलेल्या. मेकॅनिक म्हणाला, "ये कड़े तो पेले से हैं भिया. अपने काम आ जाते हैं."

आठ दिवस मी तो कागद पिशवीतच ठेवला. आत्याबाईंनी ऐंशी ओलांडली होती. नवव्या दिवशी त्यांनी समोर बसवून वाचायला लावलं. मी वाचलं आणि चतुःसीमेतली एक ओळ सोडली.

"गाळलंस," त्या म्हणाल्या. "दिशा तीनच झाल्या."

मग वाचली. कड्यांचंही सांगितलं. त्या उठल्या, पलंगावरची चादर काढली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "ओढ." मी ओढलं. "आता सोड." मी सोडलं, चादर खाली पडली.

"एका कडीवर कापड ताणता येतं का रे? ती कडी घोडा बांधायची असणार. तंबूवाल्याची नात मी, आणि एका कडीवर घर ओळखून बसले!"

दोन दिवस घरात 'आमच्या धारला' ऐकू आलं नाही. आई घाबरली. तिसऱ्या दिवशी त्या लुगडं बदलून तयार. "चल, मला ने. दिलेली अक्षत परत मागायची नसते, पण चूक सांगायची असते."

मी म्हणालो, "आत्याबाई, आणि बाबूजींनी म्हटलं, मग आता कशाला येता, तर?"

"तर उतरेन ओट्यावरून. माझा होता कुठे?"

पण बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि इंदूरला गाडी बदलताना त्यांनी माझा हात धरला तो धारपर्यंत सोडला नाही.

त्या दिवशी त्या ओट्यावर बसल्या नाहीत. उभ्यानेच, आपल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. बाबूजींनी ऐकून घेतलं.

"भुआजी, यो मकान तो म्हारा दादाजी ने बनवायो थो. हमको तो पेले दिन से मालम हे."

"मग बोलले का नाही तुम्ही?" त्या मराठीतच ओरडल्या.

"बेटी चावल लेके देहरी पे आ जाय, उसको कौन बोले कि गलत घर आई?"

आतून सुनेचा आवाज आला, "भुआजी, बेठो तो सई. चाय ठंडी हो री हे."

चहा घेऊन आम्ही विहिरीपलीकडे गेलो. आत्याबाईंनी कडीवर हात ठेवला. मेकॅनिकने स्टूल पुढे केलं. "बैठो माताजी. कौन-सी गाड़ी है?"

"गाडी नाही रे बाबा, घर," त्या म्हणाल्या. पण बसल्या नाहीत. बसायला त्या पुन्हा अलीकडच्या ओट्यावरच आल्या, पाय पसरून. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईला सांगत होत्या, "आमच्या धारला दोन घरं आहेत."

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. सकाळी सहाला मी बाबूजींना फोन केला. बाईला शेवटची साडी माहेरची लागते. ती आईने कपाटातून काढून ठेवली होती. अकराच्या सुमारास बाबूजी आणि त्यांची सून आले. सुनेच्या हातात कागदात गुंडाळलेलं हिरवं नऊवारी लुगडं होतं. आईने ते उलगडून पाहिलं आणि आपण काढलेली साडी परत कपाटात ठेवली.

त्यांच्या घरात नऊवारी कोणी नेसत नाही. धारच्या दुकानांत ते आता सहजासहजी मिळत नाही, आणि सकाळी सहाला तर दुकानंच उघडत नाहीत. ते त्यांनी कधी आणून ठेवलं होतं, हे मी विचारलं नाही.