अनिच्च आणि समोरची खोली

बाबा ध्यानाच्या शिबिराला गेले आणि येताना एकच शब्द घेऊन आले: अनिच्च. काहीच टिकत नाही, सगळं येतं नि जातं, असा त्या पाली शब्दाचा अर्थ. आम्ही तो लहानपणापासून ऐकत होतो, पण कुणाच्या मयतीला. बाबांनी त्याला रोजच्या कामाला जुंपलं. शिबिरात बोलायची बंदी होती, त्याची सगळी कसर घरी निघाली. भाकर करपली, अनिच्च. लाइट गेली, अनिच्च. दिग्रसची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली, तरी हा माणूस धुरळ्यात उभा राहून शांतपणे अनिच्च म्हणायचा. आईला वाटे, त्या गाडीला एक तरी दगड मारावा.

त्या वर्षी कापसाचा भाव पडला. अख्ख्या गावानं केलं तेच बाबांनी केलं: कापूस विकला नाही, समोरच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवला. "भाव काई कायम राह्यते का? पडला तसा चढन," हे त्यांचं तत्त्वज्ञान. आमची अंथरुणं ओसरीवर आली. कापूस फार दिवस घरात राहिला की त्यात बारीक किडे होतात आणि माणसांना खाज सुटते. उन्हाळा लागेस्तोवर आमच्याकडे कोणी धड बसून जेवलं नाही. बाबा तेवढे नेमानं ध्यानाला बसत. डोळे मिटलेले, मान ताठ, आणि एक हात पाठ खाजवतोय. बुद्धाची अशी मूर्ती मी तरी कुठल्या विहारात पाहिली नाही.

अशात ताई पहिल्या बाळंतपणाला आली. तिची बाज टाकायला घरात तीच एक खोली. आईनं आधी गोडीनं सांगून पाहिलं, मग कमरेला पदर खोचून बाबांसमोर उभी राहिली.

"समदं अनिच्च हाये ना? मंग तुमचा हट्टच कायम कसा?"

"थांब थोडे दिवस," एवढंच बाबा म्हणाले.

ताईला थांबता येण्यासारखं नव्हतं. एका सकाळी ती ओसरीच्या कोपऱ्यात बसून पोट खाजवत होती. सगळीकडे पुरळ उठला होता, नखांना रक्त लागलं होतं, आणि ती आवाज न करता रडत होती. मला बाबांचा असा संताप आला की त्यांच्या ध्यानाचं आसन विहिरीत फेकावंसं वाटलं. तेवढ्यात त्यांनीही ते पाहिलं.

"काहून रडून राह्यली व?"

ताईनं नुसती मान फिरवली. बाबांनी हातातला चहा तसाच ठेवला आणि गाडी बोलावून आणली. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. कापूस मिळेल त्या भावानं गेला. आई आणि मी फिनाइल टाकून जमीन घासत बसलो.

ताईला मुलगी झाली, आणि भावही चढला. बाबा नातीला मांडीवर घेऊन बसलेले असताना शेजारी मुद्दाम ही बातमी सांगून गेला. आईला राहवलं नाही.

"म्हना आता अनिच्च."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"इच्यासमोर नको काढू तो शब्द," ते म्हणाले, आणि त्यांनी पोरीचे दोन्ही कान झाकले.